शांघायच्या बोळातली आक्का

राजारामपुरी

पहिली तालीम झाली ती खराट्याच्या काड्यांवर. नवा खराटा आणला, काड्या वीतभर तोडून उकळून घेतल्या आणि गच्चीवर बसलेल्या तेरा माणसांच्या हातात दोन-दोन दिल्या. समोर ताटल्यांत भाजके शेंगदाणे. "दहा दाणे उचलून तोंडात टाकल्याशिवाय कुणाला चहा न्हाय," असं मी जाहीर केलं. जयसिंगपूरच्या मान्यांचा पहिलाच दाणा उडून शेजाऱ्यांच्या गच्चीत गेला. माझ्या थोरल्या बहिणीनं, म्हणजे आक्कानं, काड्या बाजूला ठेवल्या आणि मूठभर दाणे सरळ तोंडात टाकले.

"तिकडं जाऊन बघू की," ती म्हणाली. "तीबी माणसंच हायत. उपाशी मारतील व्हय?"

ही गोष्ट २००५ सालची. आमच्या विहारात रविवारी जमणाऱ्या मंडळींनी चीनमधली बुद्धाची देवळं बघायचा घाट घातला आणि सगळी आखणी माझ्या गळ्यात पडली. कारण मी भूगोलाचा मास्तर, नुकताच निवृत्त. तीस वर्षं नकाशावर छडी ठेवून 'यांगत्से नदीच्या मुखाशी शांघाय' असं शिकवलं होतं. मी स्वतः कधी विमानाची पायरी चढलो नव्हतो, ही बाब मी बैठकीत फारशी उगाळली नाही.

आक्का त्या वेळी पासष्टीच्या पुढं होती. दवाखान्यात दाई म्हणून तिची उमर गेली. आमच्या गल्लीतली निम्मी पोरं तिच्या हातावर जन्मली. दाजी छापखान्यात खिळे जुळवायचे. कुठल्याशा परदेशी कॅलेंडरचं एक पान त्यांनी घरी आणलं होतं: शांघायच्या देवळातला पांढऱ्या जेड दगडाचा बुद्ध, बसलेला, डोळे अर्धे मिटलेले. ते पान वीस वर्षं भिंतीवर होतं. "एकदा बघून येऊया की," असं दाजी दर वर्षी म्हणायचे आणि तसेच म्हणता म्हणता गेले. आक्कानं आता ते पान घडी करून पिशवीत ठेवलं होतं.

तिच्या मुलाला, मिलिंदला, हे अजिबात पसंत नव्हतं. "मामा, आईला इंग्रजी न्हाय, हिंदी धड न्हाय. तिथं हरवली तर?"

"हरवत्या कशी? मी हाय की."

"जशी न्हेताय तशी आणून द्या. दुसरं काय मागत न्हाय मी," तो म्हणाला, आणि उठून गेला. पोरगं बँकेत आहे, कमी बोलतं. म्हणूनच ते वाक्य माझ्या डोक्यात रुतून बसलं.

मग मी सगळ्यांना एक नियम घालून दिला. खरं म्हणजे तो आक्काचाच. मी नऊ-दहा वर्षांचा असताना नागपूरला दीक्षाभूमीच्या गर्दीत तिचा हात सुटला होता. जायच्या आधी तिनं बजावलं होतं, चुकलास तर हाय तिथंच उभा राहा, हलायचं न्हाय. मी एका खांबाला मिठी मारून रडत उभा राहिलो आणि तिनं मला बरोबर हुडकून काढलं. तोच नियम मी शांघायसाठी लावला. ज्या घडीला कळेल की आपण चुकलो, त्या घडीला पाय रोवायचे. मी येईन.

त्याचीही तालीम घेतली, जयसिंगपूरच्या बाजारात. सगळ्यांना मुद्दाम पांगवलं आणि एकेकाला गोळा करत फिरलो. आक्का कांद्याच्या ढिगापुढं तिष्ठत उभी होती. कांदेवाला वैतागून म्हणत होता, "मावशी, घ्याचं नसंल तर उजेड तरी सोडा!" आक्का म्हणाली, "भाऊ आल्याबिगर हलत न्हाय मी. तुझे कांदे तू हलीव." सगळे खूप हसलो. तालीम पास झाली, असं मी वहीत लिहिलं.

शांघाय, पहिला दिवस

विमानतळावर मिस लिन आमची वाट बघत होती. चोवीस-पंचवीसची बारकी पोरगी, हातात पिवळा झेंडा, इंग्रजी नीटनेटकं. मी शिक्षक आहे हे कळताच तिनं मला 'लाओशी' म्हणायला सुरुवात केली. लाओशी म्हणजे गुरुजी. मी लगेच फुगलो.

तिथून शहरात जायला चुंबकावर चालणारी गाडी आहे. रुळाला चाक टेकत नाही, गाडी तरंगते. डब्यात वेगाचा आकडा दिसत होता. तो चारशेच्या पुढं गेला. माने एसटीत कंडक्टर होते, जोतिबाच्या यात्रेच्या जादा गाड्यांवर उमर घालवलेला माणूस. त्यांनी दोन्ही हातांनी पुढची सीट धरली. "सर," ते हळूच म्हणाले, "ह्याला कोल्हापुरात थांबायचं असंल तर सातारपास्नं ब्रेक मारावा लागंल."

संध्याकाळी नदीकाठी गेलो. अलीकडं जुन्या दगडी इमारती, पलीकडं आभाळात घुसलेले मनोरे, आणि मधून पाण्यावर मालाची गलबतं शांतपणे चाललेली. दिवे लागले. एक एक मनोरा पेटत गेला. लिन सांगत होती की तिच्या लहानपणी पलीकडं बरीचशी शेतं होती, तिची आजी तिथून भाजी आणायची. तीस वर्षं मी फळ्यावर खडूनं एक ठिपका काढून 'हे शांघाय' म्हणत होतो. त्या ठिपक्याची मला लाज वाटली.

आक्का कठड्याला धरून उभी होती. "दिनू," ती म्हणाली, "येवढं सगळं माणसानंच केलंय न्हवं?"

"व्हय."

"मग बरं हाय," ती म्हणाली.

दुसरा दिवस

सकाळी हॉटेलमागच्या बागेत शंभरेक म्हातारी माणसं अगदी सावकाश हात हलवत व्यायाम करत होती. एवढी माणसं आणि आवाज म्हणून नाही! आमच्या रंकाळ्यावर चार माणसं फिरायला आली तरी पलीकडच्या काठाला राजकारण ऐकू जातं. आक्का चपला काढून शेवटच्या रांगेत जाऊन उभी राहिली आणि त्यांच्यासारखे हात हलवू लागली. पुढच्या आजीनं वळून तिचं कोपर दोन बोटं वर केलं आणि परत वळली. तेवढंच.

नाश्त्याला तांदळाची पातळ पेज, वाफवलेले पाव, खारवलेल्या भाज्या. पेज बघून सगळ्यांना वाटलं, कुणीतरी आजारी आहे. आक्कानं पिशवीतून कांदा-लसूण चटणीची बरणी काढली आणि पेजेचा रंगच बदलला. लिननं हौसेनं बोटभर चाखली. पुढची पाच मिनिटं ती बिचारी रुमालात तोंड घालून बसली होती. मान्यांनी दुपारी त्याची भरपाई केली. तिथं उकडीच्या मोदकासारखा एक प्रकार मिळतो, आत गरम रस्सा असतो. लिन आधी बारीक भोक पाडून फुंकायला सांगत होती. मान्यांनी आख्खा तोंडात टाकून चावला. रस्सा समोरच्या भिंतीपर्यंत गेला.

रस्त्याच्या कडेला पिंपात रताळी भाजत होते. आक्कानं गरम रताळं दोन्ही तळहातांवर नाचवत फोडलं. "आपल्यापरास गोड हाय गं बाई," असं ती त्या विकणारीला मराठीतच म्हणाली आणि ती चिनीत काहीतरी म्हणाली. दोघींचं बराच वेळ चाललं होतं. मध्ये दुभाषा लागतोच असं नाही, हे मला तेव्हाच कळायला हवं होतं.

तिसरा दिवस, जुना बाजार

आज दुपारी जेड बुद्धाचं दर्शन होतं. म्हणून आक्कानं सकाळीच पांढरी साडी नेसली, विहारात नेसतात तशी. आणि या साडीच्या नादात तिचं पत्त्याचं कार्ड कालच्या स्वेटरला टाचलेलंच खोलीत राहिलं. चिनी अक्षरांत हॉटेलचा पत्ता लिहिलेली ही कार्डं मीच करून घेतली होती. सकाळी ती तपासायची, असं माझ्या वहीत लिहिलेलंही होतं.

आधी जुन्या शहरातली बाग आणि तिच्याभोवतीचा बाजार बघायचा होता. वळलेल्या कोपऱ्यांची छपरं, तळ्यावरचा नागमोडी पूल, आणि गर्दी म्हणाल तर मुंगीला वाट नाही. बसमधून उतरल्यावर लिन म्हणाली, "कुणी चुकलं तर सरळ मोठ्या दरवाजाशी परत यायचं. मी तिथं असेन. लाओशी, सगळ्यांना सांगा."

मी सांगितलं नाही. विसरलो नव्हतो. मला वाटलं, आपला नियम बरा आहे, तालीम झालेली आहे. ही कालची पोर मला काय शिकवते? एकाला दोन नियम झाले तर लोक गोंधळतील. असं मनाला सांगितलं आणि तेरा जणांना म्हणालो, "चला, झेंड्यामागं."

तासाभरानं पुलापलीकडं मान्यांनी सवयीनं माणसं मोजली. मग परत मोजली. "सर, एक शीट कमी हाय."

आक्का नव्हती.

बाजारात पिवळे झेंडे दहा होते, ते मला त्या क्षणी पहिल्यांदा दिसले. कुठल्यातरी दुसऱ्याच पिवळ्या झेंड्यामागं ती गेली होती. लिन पळत मोठ्या दरवाजाशी जाऊन आली. तिथं आक्का नाही.

"येईल. माणसं दरवाजाशी येतातच," लिन म्हणाली.

"ती येणार नाही," मी म्हणालो.

"का?"

मग सांगावं लागलं. लिन ऐकत राहिली. तिनं आवाज चढवला नाही. तिनं दोन शिव्या हासडल्या असत्या तर बरं झालं असतं. "म्हणजे ती कुठंतरी उभी आहे," ती सावकाश म्हणाली, "आणि ते कुठं, हे तिलाही माहीत नाही. किती वेळ उभी राहील?"

"मी येईपर्यंत."

"दोन तास कुणी उभं राहत नाही, लाओशी."

"माझी बहीण तुला म्हाईत न्हाय," मी मराठीतच म्हणालो.

बाकीच्यांना मान्यांच्या ताब्यात देऊन बसनं देवळात पाठवलं, ड्रायव्हरला वाट माहीत होती. जिला तो बुद्ध बघायचा होता, तीच मागं राहिली. लिन आणि मी बाजार पालथा घातला. प्रत्येक बोळाच्या तोंडाशी मला पांढरं काहीतरी दिसायचं आणि ते खानावळीतल्या आचाऱ्याचं डगलं निघायचं. मी "आक्काऽ" म्हणून ओरडत होतो. लोक बाजूला होत होते. पाऊस भुरभुरू लागला. दोन तास होऊन गेले आणि मिलिंदचं वाक्य काही केल्या डोक्यातनं जाईना. जशी न्हेताय तशी. एकदा तर मला आक्काचाच राग आला. एवढी कशाला ऐकते माझं? जरा स्वतःची अक्कल चालवून पोलिसाकडं जायला काय झालं होतं? असं मनात आलं, खोटं कशाला सांगू!

शेवटी पोलीस चौकी गाठली. लिननं वर्णन सांगायला सुरुवात केली: म्हातारी, परदेशी, पांढरे कपडे. तेवढ्यावर टेबलामागचा पोलीस हसायला लागला. लिनचा चेहरा बदलला.

"काय म्हणतो?" मी तिची बाही ओढली.

"म्हणतो, न हलणारी आजी का? तासाभरापूर्वी त्या बोळातली एक बाई सांगून गेली. चौकीतले दोघंजण तिला आणायला गेलेही होते. आजीनं त्यांना हात जोडले, पण जागा सोडली नाही."

तो बोळ बाजाराच्या बाहेर, मोठा रस्ता ओलांडून होता. मी शोधलाच नसता. दोन्हीकडं जुनी दुमजली घरं, वर बांबूवर वाळत घातलेले कपडे. वळणावरून मला आधी दिसल्या त्या चार-पाच म्हाताऱ्या, गोल करून बसलेल्या, आणि सगळ्या पदरानं, म्हणजे बाहीनं, डोळे पुसत होत्या. संपलं, असं वाटलं.

आणि मधून आवाज आला, "आता बास गं, लई खाऊ नगासा. पोटात आग पडंल!"

बांबूच्या स्टुलावर आक्का बसली होती. डोक्यावर कुणाच्यातरी परसातली मोठी छत्री दोरीनं बांधून दिलेली. अंगावर निळं कापूस भरलेलं जाकीट, पायाखाली कोरडा पाट, शेजारी गरम पाण्याचा थर्मास. मांडीवर हिरव्या भाजीची जुडी, ती निवडत होती, आणि चटणीची बरणी गोल फिरत होती. त्या बायकांना घरात न्यायचं होतं, ती हलेना. तेव्हा त्यांनी घरच एक एक करून बाहेर आणलं होतं. मी आजवर काही मोठं पाहिलं असेल तर ते मनोरे नव्हेत, ती बोळातली छत्री.

"आलास?" आक्का म्हणाली. "बस की. च्या घेतोस?"

मी तिथंच ओल्या फरशीवर बसलो आणि रडलो. आक्कानं भाजीचा हात झटकून माझ्या डोक्यावर ठेवला. म्हाताऱ्या आपापसात काहीतरी बोलल्या आणि एकीनं मला पण एक स्टूल आणून दिलं.

लिन त्यांच्याकडून सगळं काढून घेत होती. पांढरे कपडे त्यांच्याकडं सुतकाचे. ही बाई पांढरं नेसून दारासमोर न बोलता उभी, म्हणजे घरातलं कुणी गेलं की काय, म्हणून घरमालक घाबरला होता. मग आक्कानं पिशवीतून कॅलेंडरचं पान काढून दाखवलं, आणि सगळ्या बोळाला उलगडा झाला. बुद्धाला निघालेली बाई वाट चुकली आहे. त्यातल्या एका आजीला ते देऊळ पक्कं ठाऊक होतं. तिचा मुलगा तीनचाकी गाडी घेऊन आला, गाडीत गादी घातली. आजीनं चित्रावर बोट ठेवलं, गाडीवर ठेवलं, आक्काचा हात धरून ओढला.

"तुला कळलं न्हाय व्हय ग, त्या कुठं न्हेत हुत्या?" मी विचारलं.

"कळलं की. न कळायला काय झालं?" आक्का म्हणाली. "बुद्धाकडंच न्हेत हुत्या मला. पर मी गेल्यावर तू आला असतास तर?"

खिशातली वही काढून फेकून द्यावी, एवढंच वाटलं. "माझं चुकलं, आक्का. दरवाजाकडं यायचं असं लिननं सांगितलं हुतं. मीच तुला बोललो न्हाय."

"मला तू म्हणालास हलू नगो. मी न्हाय हललो." आमच्याकडं बायकाही 'मी आलो, मी गेलो' असंच म्हणतात. "तू येणार हे म्हाईत हुतं की."

मला ते माहीत नव्हतं. ते मी तिला कधीच सांगितलेलं नाही.

देऊळ तोवर बंद झालं होतं. बाकीचे दर्शन घेऊन हॉटेलवर आले आणि आमच्यासमोर त्याबद्दल कुणी एक शब्द काढला नाही. कोल्हापूरची माणसं इतकी गप्प राहिलेली मी त्या दिवशीच पाहिली.

निघायचा दिवस

विमान दुपारचं होतं. सकाळी दार वाजलं, बाहेर लिन. झेंडा नव्हता. "देऊळ उघडायच्या वेळेला पोचलो तर होईल," ती म्हणाली. "मी तिचा हात धरते, लाओशी. तुम्ही नुसतं मागून या."

लाकडी जिना चढून वर गेलो. फोटो काढायला मनाई, बोलायला मनाई. पांढरा बुद्ध चुन्यासारखा पांढरा नव्हता. आतून दिवा लावावा तसा दिसत होता. कॅलेंडरच्या पानावर यातलं काही उतरलं नव्हतं. आक्कानं हात जोडून ओठांतल्या ओठांत त्रिसरण म्हटलं. मग पिशवीतून ते पान काढलं, घडी उलगडली आणि चित्राची बाजू पुढं करून छातीशी धरलं. दाजींना दाखवत होती की बुद्धाला, मला कळलं नाही. लिन तोंड फिरवून खिडकीकडं बघत होती.

पाच मिनिटं झाली, दहा झाली. "आक्का, विमान," मी कुजबुजलो.

"थांब की रं. आता कुठं आलोय," ती म्हणाली, आणि हलली नाही. या खेपेला मीही घाई केली नाही.

कोल्हापूर

स्टेशनवर मिलिंद आला होता. गाडी मुंबईहून निघाल्यापासून मी मनात जुळवत होतो, त्याला कसं सांगायचं. लपवायचं नाही, एवढं ठरलं होतं. त्यानं आईच्या हातातली पिशवी घेतली, तिला वरून खालून बघितलं आणि माझ्याकडं वळला.

"मामा, हरवली-बिरवली न्हाय न्हवं आई?"

मी तोंड उघडलं. तेवढ्यात आक्कानंच बोलायला घेतलं.

"मी कशाला हरवतो? मी हुतो तिथंच हुतो, एका जागी. हरवला हुता ह्यो, तुझा मामा. समदं शांघाय पालथं घालत हिंडत हुता बिचारा. बारका हुता तवा नागपुरात हरवला हुता, म्हातारपणी तिथं हरवला." तिनं माझा हात धरला आणि फलाटाच्या पायऱ्या उतरू लागली. "दोन्ही बारीला मीच आणलाय त्येला घरला."

मिलिंदनं माझ्याकडं बघितलं.

"व्हय," मी म्हणालो.